मोठ्या दुकानसाखळीशी करार करताना: कोकणातल्या छोट्या उत्पादकासाठी

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या दुकानसाखळीच्या ऑफिसात गेलात की खरेदी बघणारा माणूस पहिला प्रश्न दराचा विचारतो. आपणही रात्रभर गाडीत दराचाच विचार करत आलेलो असतो. दोन रुपये वर, दोन रुपये खाली असं तासभर चालतं. शेवटी तो एक रुपया सोडतो आणि आपण खुशीत परतीचं तिकीट काढतो. आठवड्याने चाळीस पानी इंग्रजी करार ई-मेलवर येतो. दर तर ठरलाय, आता काय वाचायचं, म्हणून आपण सही करून टाकतो.

मीही हे एकदा केलंय. कोकम सिरपच्या बाटल्या पाठवल्या, दर चांगला मिळाला. आठ महिन्यांनी, ऐन ऑगस्टच्या पावसात, दारात टेम्पो उभा राहिला. आत आमच्याच बाटल्या होत्या, लेबलं फिकी पडलेली, निम्म्यांची मुदत संपलेली, आणि सोबत डेबिट नोट, म्हणजे आमच्या पैशांतून एवढे कापले असं सांगणारा कागद. करार काढून बघितला. सगळं त्यात लिहिलेलं होतं, सहीही माझीच होती. आमची आते तेव्हा म्हणाली, "भाव सगळेच इचारतत. पैशे कदी मेळतले, ता कोण इचारणा नाय."

तेव्हापासून मी दर शेवटी बोलतो. आधी बोलतो ते बाटलीमागे हातात काय उरणार आणि कधी उरणार याबद्दल. कोकम, आंबा पल्प, काजूगर, फणसाचे तळलेले गरे, उकड्या तांदळाचं पीठ यांपैकी काहीही मोठ्या साखळीला पुरवायचं असेल, तर तयारी कुठून करायची ते इथे क्रमाने लिहितो.

मीटिंगच्या आधी: "नाही" म्हणायची सोय

समोरच्याकडे आपल्यासारखे पन्नास पुरवठादार आहेत आणि आपल्याकडे त्याच्यासारखा एकच गिऱ्हाईक आहे, हे त्याला माहीत असतं. ही दरी बोलण्यातल्या हुशारीने बुजत नाही. ती बुजवायची तर सौदा मोडला तरी माल कुठे जाईल याचं उत्तर घरातून निघतानाच खिशात हवं.

म्हणून आधी मालाची वाटणी कागदावर करा. चाकरमान्यांच्या थेट ऑर्डरी, हायवेवरची हॉटेलं आणि होमस्टे, जिल्ह्यातली किराणा दुकानं, मुंबई-पुण्यातले आंबा महोत्सव, महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शनं, आणि मग साखळी. एका साखळीकडे एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही, असा मी स्वतःला घातलेला नियम आहे. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. तिसरा हिस्सा अडकला तरी कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता निघतो, एवढाच त्याचा आधार.

दुसरी गोष्ट वेळ. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणि आंबा एप्रिल-मेमध्ये येतात. वर्षभराचा कच्चा माल त्या सहा-सात आठवड्यांत रोख पैसे मोजून घ्यावा लागतो. मेअखेरीस गोदाम भरलेलं असतं, खिसा रिकामा असतो आणि कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, व्याज चढत असतं. त्या वेळी करार करायला गेलात तर काय मिळेल ते मुकाट घ्याल. उलट सरबताचा खप मार्चपासून वाढतो, त्यामुळे साखळीला फेब्रुवारीअखेर माल रॅकवर हवा असतो. बोलणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. तोवर जुना माल बराचसा विकला गेलेला असतो, आणि उन्हाळ्याची आखणी करायची घाई त्यांना असते.

चार-पाच उत्पादकांनी मिळून जावं असा सल्ला नेहमी दिला जातो. आमच्याकडे सख्ख्या भावांच्या बागेतही गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असतो, त्यामुळे तो देताना माझी जीभ जरा अडखळते. पण किमान दहा उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी काढता येते, आणि एका नावाने, एका बिलाने विकणाऱ्याला खरेदीवाला वेगळ्या नजरेने बघतो. निव्वळ आपापसात दर ठरवून वेगवेगळे विकायला गेलात तर मात्र स्पर्धा कायद्याची भानगड होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

घरचे कागद

यातलं सर्वात मोलाचं काम फुकट होतं. सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. एजंटला पैसे देऊ नका, त्याला फी नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादेप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. गुंतवणूक पंचवीस कोटींपर्यंत आणि उलाढाल शंभर कोटींपर्यंत असेल तर लघु. कोकणातले आपण बहुतेक सगळे पहिल्याच रकान्यात बसतो.

ही नोंदणी पहिला माल पाठवायच्या आधी झालेली हवी, म्हणजे पुढे त्यावर वाद नको. नोंदणी उत्पादक म्हणून हवी. दुसऱ्याचा माल घेऊन नुसता विकणारा व्यापारी असाल, तर उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं जे संरक्षण पुढे सांगणार आहे ते तुम्हाला मिळत नाही. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. साखळीचा व्हेंडर फॉर्म, म्हणजे पुरवठादाराच्या माहितीचा फॉर्म, भरताना 'एमएसएमई (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग) आहात का' हा रकाना रिकामा सोडू नका. कधीकधी त्यांचाच माणूस गोड बोलून तो रिकामा ठेवायला सांगतो. का, ते पुढे कळेल.

दुसरा कागद ब्रँडच्या नावाचा. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो. साखळी उद्या म्हणेल की तुमचंच सिरप आमच्या नावाने भरून द्या. त्या दिवशी स्वतःचं नाव स्वतःच्या मालकीचं असलेलं बरं. हापूस, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तुम्ही त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल तर तो कागदही सोबत न्या. 'कोकणातलंच कोकम' हे साखळीला जाहिरातीत लिहायचं असतं, आणि तसं खरेपणाने लिहायची सोय त्यांना तुमच्यामुळे होते.

बाटलीमागचा हिशोब

वहीचं एक पान घ्या. जीएसटी बाजूला ठेवा. समजा बिलाचा दर बाटलीला १०० रुपये ठरला आणि करार त्यांच्या छापील नमुन्याप्रमाणे झाला. लिस्टिंग फी, म्हणजे माल रॅकवर घेण्यासाठी ते घेतात ती फी, तीस हजार, वर्षात दहा हजार बाटल्या, म्हणजे बाटलीला ३ रुपये. परत येणारा आणि मुदत संपलेला माल, ४. फूट आणि तूट, २. 'एकावर एक' वगैरे स्कीममधला आपला वाटा, ५. भिवंडीच्या गोदामापर्यंतचं भाडं, ६. पैसे ७५ दिवसांनी येणार, तर बारा टक्क्यांनी त्याचं व्याज अडीच रुपये. सगळं मिळून साडेबावीस. हातात ७७.५० पडले.

आता दुसरा करार. दर ९२. लिस्टिंग फी नाही, माल परत घेणं नाही, स्कीम आपल्या लेखी होकाराशिवाय नाही. फूट-तूट एक रुपयाच्या वर कापायची नाही. भाडं तेच ६. पैसे ३० दिवसांत, त्याचं व्याज नव्वद पैसे. वजा जाता ८४.१० उरले.

म्हणजे दर आठ रुपयांनी पाडूनही बाटलीमागे साडेसहा रुपये जास्त आले. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण हे पान भरल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू नका. तुमचा उत्पादनखर्च ७२ असेल तर पहिल्या करारात साडेपाच रुपये उरतात, आणि परतीचा माल चारचा दहावर गेला की तेही गेले.

कलमं, एकेक करून

*पैसे कधी.* इथे कायदा आपल्या बाजूला आहे आणि त्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. करारात ७५ किंवा ९० लिहिलं असलं तरी कायदा ४५ वरच थांबतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर साडेसोळा.

खरी मेख दिवस कुठून मोजायचे यात असते. 'बिल आमच्या सिस्टिममध्ये चढल्यापासून' किंवा 'माल विकला गेल्यापासून' असं लिहिलेलं असतं. ते बदलून 'माल गोदामात पोचल्यापासून' करून घ्या. कायद्यात याची व्याख्या स्पष्ट आहे: माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा.

आता व्हेंडर फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्याबद्दल. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं वर सांगितलेल्या मुदतीत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा करता येत नाही. शिवाय अशी ४५ दिवसांपुढे थकलेली देणी कंपन्यांना दर सहामाहीला सरकारकडे कळवावी लागतात. म्हणजे तुम्ही तोंड उघडलं नाही तरी त्यांचा अकाउंट विभाग मार्चमध्ये तुमच्या मागे लागतो. अट एकच, तुम्ही सूक्ष्म किंवा लघु आहात हे त्यांच्या नोंदीत असलं पाहिजे.

२५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या, मुदतीआधी बिलाचे पैसे मिळवून देणाऱ्या, ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी आता सक्तीची आहे. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. थोडी वटणावळ (मुदतीआधी पैसे देण्याचा मोबदला) कापून तुम्हाला काही दिवसांत पैसे मिळतात, आणि पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक तुमच्याकडे येत नाही. 'आमची ट्रेड्सवरची बिलं तुम्ही मान्य कराल ना?' हे मीटिंगमध्ये सरळ विचारा.

*परतीचा माल.* 'विकला नाही तर परत' ही अट पूर्ण काढता आली तर उत्तमच. नाहीच निघाली तर तिला तीन कुंपणं घाला. एक, टक्केवारीची मर्यादा, दर तिमाहीच्या बिलाच्या दोन टक्के वगैरे. दोन, परत पाठवायची मुदत. १९३० च्या मालविक्री कायद्यात विक्री-किंवा-परत तत्त्वावर दिलेल्या मालासाठी ठरलेली मुदत उलटून गेली आणि परत करतोय असं कळवलं नाही, की तो माल त्याचा झाला. म्हणून 'पोचल्यापासून ९० दिवसांत' असा आकडा करारात पडलाच पाहिजे. तीन, परत येताना बाटलीवर किमान किती मुदत शिल्लक हवी. आपण पाठवताना ते आपल्याकडून दोनतृतीयांश मुदत शिल्लक मागतात, मग परतीला निदान एकतृतीयांश आपण मागणं यात वावगं काही नाही. उन्हात ठेवून त्यांनी फिकी केलेली लेबलं, शीतपेटीबाहेर काढून फुगवलेला पल्प हे आपलं नुकसान नाही, असंही एक वाक्य असू द्या.

*कापाकापी.* डेबिट नोट हा त्यांच्या वहीतला कागद. जीएसटीच्या दृष्टीने क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, द्यायचा अधिकार विकणाऱ्याचा, म्हणजे तुमचा असतो. त्यांनी परस्पर पैसे कापले आणि तुम्ही क्रेडिट नोट काढली नाही, तर न मिळालेल्या पैशांवरचा करही तुम्हीच भरलेला असतो. पुढच्या आर्थिक वर्षाची ३० नोव्हेंबर उलटली की तो परत मिळवण्याची वाटही बंद. म्हणून एवढंच लिहून घ्या: "पुराव्यासह सात दिवस आधी लेखी कळवल्याशिवाय आणि पुरवठादाराच्या लेखी संमतीशिवाय बिलातून कोणतीही रक्कम वळती करता येणार नाही." हे वाक्य वकिलाकडून इंग्रजीत करून घ्या. अख्खा करार वकिलाला देण्याइतके पैसे नसतील तर निदान हे कलम आणि पैशांचं कलम तरी द्या.

*उशीर आणि घाट.* ऑर्डरच्या नव्वद-पंच्याण्णव टक्के माल वेळेत न पोचल्यास दंड, असं कलम जवळजवळ सगळीकडे असतं. ते लिहिणाऱ्याने जुलैतला आंबोली घाट पाहिलेला नसतो. 'दैवी आपत्ती' एवढ्या मोघम शब्दांवर समाधान मानू नका. घाट किंवा महामार्ग बंद, चक्रीवादळाचा इशारा, रेल्वे बंद, पूर, हे शब्द नावानिशी घाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ ऐन आंब्याच्या हंगामात किनाऱ्याला घासून गेलं आणि झाडावरचा आंबा खाली आला. त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वर्षी कच्चा मालच नसतो, म्हणून पुरवठ्याचं प्रमाण एका आकड्यात बांधू नका. 'किमान ४,००० आणि कमाल ७,००० बाटल्या, हंगामाचा अंदाज १५ मेपर्यंत कळवू' अशी रचना मागा. किमान आकडा दोन्ही बाजूंना बांधणारा हवा, नाहीतर तुम्ही बांधले जाता आणि ते मोकळे राहतात.

दंडाबद्दल आणखी एक. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. 'दंड आपोआप वसूल' हे वाक्य वाचून घाबरून जायचं कारण नाही.

*फक्त आम्हालाच द्या.* एकाच साखळीला माल द्यायची अट असेल तर बदल्यात किमान खरेदीची हमी मागा. हमी नसेल तर अट नको. यावर मी कधीच मागे हटत नाही.

*बाहेर पडताना.* त्यांना ३० दिवसांच्या नोटिशीवर करार मोडता येतो आणि आपल्याला ९०, असं हमखास असतं. दोघांना सारखी मुदत करा. त्यांच्या नावाची लेबलं आणि खोकी छापून पडली असतील तर त्याचे पैसे कोण देणार, हेही लिहा.

समोर बसल्यावर

कॅटेगरी मॅनेजर, म्हणजे आपल्या प्रकारच्या मालाची खरेदी बघणारा माणूस, बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. त्याला वरून मार्जिनचं टार्गेट असतं. लीगल विभागाचा छापील नमुना बदलायचा अधिकार त्याला नसतो, आणि "हा करार बदलत नाही सर" हे तो खोटं बोलत नाही. म्हणून मूळ करार बदला असा हट्ट धरू नका, परिशिष्ट मागा. व्यापारी अटींचं एक पान सोबत जोडलेलं असतं, ते त्याच्या हातात असतं. "परिशिष्ट आणि करारात फरक असल्यास परिशिष्ट ग्राह्य" हे वाक्य त्यात पडलं की निम्मं काम झालं.

काय मागायचं त्याचा क्रम घरीच लावून न्या. माझा क्रम असा: परस्पर कपात नको, दिवस पोचल्यापासून मोजा, परतीला मर्यादा, मग दर. आणि द्यायलाही काहीतरी सोबत असू द्या. लवकर पैसे दिले तर दीड टक्का सूट, उन्हाळ्यात दोन शनिवार-रविवार दुकानात माणूस उभा करून सरबताची चव देणं, फक्त त्यांच्यासाठी छोटी बाटली. त्यांना याची किंमत जास्त वाटते आणि आपल्याला ते तुलनेने स्वस्त पडतं. सुरुवात सगळ्या दुकानांत करू नका, वीस दुकानं आणि तीन महिने मागा. तोट्यात गेलंच तर वीस दुकानांपुरतं जाईल.

तिथल्या तिथे सही करू नका. "घरी वहिनी हिशोब बघतात, परवा कळवतो" म्हटलं तर कुणी राग मानत नाही. आमच्याकडे तर ते खरंही आहे. परतताना गाडीतूनच ई-मेल करा: आज आपलं बोलणं झालं, त्यात हे-हे ठरलं, चूक असल्यास कळवावं. मराठीत लिहिलं तरी चालतं. सहा महिन्यांनी तो मॅनेजर नोकरी बदलून गेलेला असतो, तेव्हा हाच ई-मेल उरतो.

माल जायला लागल्यावर

प्रत्येक खेपेची माल मिळाल्याची पावती, ज्याला ते जीआरएन म्हणतात, ती त्याच दिवशी मागून घ्या. ड्रायव्हरला सांगून ठेवा, सही-शिक्क्याशिवाय गाडी हलवायची नाही. भरताना खोक्यांचे फोटो काढा. दर महिन्याला त्यांच्याकडून खात्याचा उतारा मागवून आपल्या वहीशी ताडून बघा, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. मासिक विवरण भरणाऱ्याला जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून पहिल्या तीन खेपांचे पैसे येईपर्यंत चौथीचा आकार वाढवू नका, ऑर्डर कितीही मोठी आली तरी.

पैसे अडकले तर

आधी फोन, मग ई-मेल, मग वरच्या साहेबाला ई-मेल. तेही झालं की एक पानी पत्र. त्यात बिलांचे क्रमांक, पोचल्याच्या तारखा, ४५ वा दिवस कोणता होता ते, आणि आजपर्यंतचं व्याज. धमकीचा सूर नको. पत्राची प्रत त्यांच्या अकाउंट आणि कर विभागालाही पाठवा. खरेदी विभागाने दाबून ठेवलेली बिलं कर विभाग कधीकधी आठवड्यात मोकळी करतो.

नाहीच हललं तर सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. करारात न्यायक्षेत्र दिल्ली किंवा बंगळूर लिहिलेलं असलं तरी पुरवठादार जिथला, तिथली परिषद दावा ऐकू शकते. लवादाचं वेगळं कलम असलं तरी हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध न्यायालयात जायचं असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात बरंच जास्त धरून चाला.

आणि हे पाऊल उचललं की त्या साखळीतलं आपलं रॅक बहुधा गेलं, हे गृहीत धरूनच अर्ज भरा. अर्जाला जोडायला लागतं ते उद्यम प्रमाणपत्र, ऑर्डर, बिलं आणि जीआरएन. माझ्या त्या ऑगस्टच्या टेम्पोच्या वेळी फाइलमध्ये यातली फक्त बिलं होती.